निळ्या अक्षरांखाली

उन्हात बसून फोन वाचायचा असेल तर पदर लागतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मी गच्चीवर ऊन खात बसायची, आणि हातातल्या फोनवर अक्षरांऐवजी माझंच तोंड दिसायचं. ते बघण्यात मला आता रस राहिलेला नाही. मग पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याचा तंबू केला आणि आत फोन धरला, तेव्हा अक्षरं उमटली. ग्वाल्हेरातल्या आमच्या हरिशंकरपुरमच्या बायकांना वाटतं, म्हातारी जप करते. त्यांचा समज मी मोडलेला नाही.

फोनशिवाय मला मराठी मिळत नाही, हे खरं कारण. दारात पेपर येतो तो हिंदी. दूधवाला, भाजीवाला, डॉक्टर, सगळ्यांशी हिंदी. घरात बोलायला कोणी नाही, म्हणजे घरातही मराठी नाही. मुलगा बंगळूरला. नात फोनवर ‘आजी, कशी आहेस’ एवढं मराठीत विचारते आणि पुढच्या वाक्याला ‘अच्छा सुनो ना’वर येते. म्हणून सकाळचा चहा झाला की मी पुण्याचा पेपर फोनवर उघडते. वाचते म्हणणं जरा जास्तच होईल. मुलाने अक्षर इतकं मोठं करून दिलंय की एका ओळीत तीन शब्द मावतात आणि चौथा कडेला अर्धा लटकतो. मंत्री काय म्हणाले ते दिसतं, कशाबद्दल म्हणाले ते पडद्याबाहेर जातं. मधेच खालून साड्यांची जाहिरात वर चढते. तिची फुली मुंगीएवढी. ती दाबायला जावं तर साडीच उघडते. मागे यावं तर बातमी पुन्हा पहिल्या ओळीपासून. आडवं पडून वाचावं तर अक्षरंही आडवी होतात. मी कूस बदलली की तीही बदलतात. माझ्या कलाने इतकं तर नवराही कधी वळला नव्हता.

आणि बोट. या वयात बोटं कोरडी पडतात, काचेला ती कळतच नाहीत. घासत बसावं, पान जागचं हलत नाही. तेव्हा पोथीचं पान उलटताना करतात तसं मी बोट जिभेला लावते आणि मग वर सरकवते. चालतं. नातीने एकदा पाहिलं आणि ‘छी आजी’ म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या पणजोबांनी अख्खा गुरुचरित्राचा सप्ताह असाच केला.

या सगळ्यात एक वाचन मात्र बिनत्रासाचं आहे अशी माझी समजूत होती. जाऊबाईंचे मेसेज.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. त्या याच गावात, पलीकडे हजीऱ्याला राहायच्या, मी इकडे. मध्ये किल्ला, गर्दी आणि दोघींचे मिळून चार गुडघे. दोघींचे नवरे गेलेले. जाऊबाईंना ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून फोनवर बोलणं नाही. जे काय ते लिहून. आणि लिहीत त्या फोनवरही पत्रच. ‘चि. हिस अनेक आशीर्वाद. विशेष. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे.’ मग नळाला पाणी किती वेळ आलं, मेथीची जुडी कशी निघाली, रक्तदाब वरचा किती आणि खालचा किती. तिथे मेसेज संपायचा. त्याच्या खाली हिंदीत निळी अक्षरं असायची, ‘और पढ़ें’.

निळ्या अक्षरांना मी हात लावत नसे. खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी कुठलीशी निळी ओळ दाबली आणि त्यांच्या पेन्शनीला पाय फुटले. तेव्हा मुलाने मला बजावलं होतं, की आई, फोनवर काहीही कर, निळं अक्षर दाबू नकोस. आयुष्यभर मी कुणाचं ऐकलं नाही. आईचं नाही, सासूबाईंचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. ऐकलं ते एवढं एकच, आणि तेही दोन वर्षं अगदी मन लावून.

तर जाऊबाईंचा मेसेज आला की मी रक्तदाबापर्यंत वाचायची आणि खाली अंगठा टाकायची. नातीने शिकवलं होतं, वाचलं की अंगठा द्यायचा, समोरच्याला बरं वाटतं. कधी अंगठ्यासोबत जोडलेले हात. मला मनातून वाटायचं, बाईंना म्हातारपणी लिहायला काही उरलेलं नाही. मेथी आणि पाणी. बिचाऱ्या.

असं वाटणं मला नवं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी बी.ए. होते आणि ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. सासूबाईंना दिसायचं कमी, म्हणून त्यांच्या माहेरची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे भाऊ वाईहून आंतरदेशीय पत्र पाठवत, आतून बाहेरून काठोकाठ भरलेलं. माझी शेगडीवर आमटी, डोक्यात गावभर हिंडायचे बेत. मी वरचे आशीर्वाद खणखणीत वाचायची, शेवटची सही खणखणीत वाचायची आणि मधलं सगळं, विहिरीचं पाणी, म्हशीचं वेत, कुणाच्या पोरीचं जमलेलं न जमलेलं, ‘बाकी सर्व ठीक’ एवढ्यात उरकायची. सासूबाई विचारायच्या, “एवढंच?” मी म्हणायची, “एवढंच.” त्या पत्र हातात घ्यायच्या आणि बोटाने चाचपायच्या. जुन्या टाकाची अक्षरं कागदावर उमटलेली असत. एकदा म्हणाल्या, “अगं, इतकी उठलीयेत, आणि तू चार शब्दांत संपवलंस?” मी म्हटलं, मामांचं अक्षर मोठं आहे. अशी मी. आज ती बी.ए. समोर आली तर मी तिला घरात घेणार नाही.

दुपारी सगळे पडले की जाऊबाई ते पत्र घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसायच्या आणि पहिल्यापासून वाचायच्या. हळूहळू, शब्दावर शब्द ठेवत. त्या चौथीपर्यंतच शिकलेल्या. म्हैससुद्धा सोडायच्या नाहीत. मला ती शुद्ध चमचेगिरी वाटायची. नवऱ्याला मी त्यांची नक्कल करून दाखवायची आणि तो हसायचा. तोही तसलाच.

या मार्गशीर्षात एका दुपारी मी तंबूत बसले होते. जाऊबाईंकडून हल्ली पत्रं येत नव्हती, नुसती सकाळची फुलं यायची, वर ‘सुप्रभात’. त्यामुळे मागचं एखादं पत्र बघावं म्हणून मी वर सरकवत होते. बोट ओलं केलं, ते जरा जास्तच झालं, घसरलं, आणि थेट निळ्या अक्षरांवर जाऊन पडलं.

मी फोन बंद केला. पुरता बंद. खाली आले, तो डब्यात ठेवला, वर तांदळाचं भगोनं ठेवलं. मुलाला सांगावं तर फोन त्याच डब्यात. दोन तास मी पेन्शनीचा शोक केला. संध्याकाळी म्हटलं, गेली असेल तर गेली, बघून तरी घेऊ. फोन चालू केला. पेन्शन जागेवर होती. मेसेज मात्र लांब झाला होता.

रक्तदाबाच्या खाली अजून एक परिच्छेद होता, आणि त्याच्या खाली ‘ता. क.’

जाऊबाई पत्र लिहायला जिथे शिकल्या तिथे मनातलं वर लिहायची रीत नव्हती. आधी आशीर्वाद, मग क्षेम, मग पाऊसपाणी. पत्र घरात चारचौघांत वाचलं जायचं, तेव्हा खरं सांगायचं ते अगदी तळाशी, ता. क. करून, जिथे वाचणारा कंटाळून थांबलेला असतो. माझ्यासारखा.

मग मी पहिल्यापासून बसले. पहिल्यापासून जाणं म्हणजे दोन वर्षं वर सरकवणं. बोट ओलं करायचं, वर ढकलायचं, पुन्हा ओलं. जरा कुठे मागच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत पोचावं तर कुणाचं तरी फूल येऊन आदळायचं, चुकून त्यावर बोट जायचं आणि मी धाडकन आजच्या दिवसावर. मिनिटभर हात लावला नाही की पडदा काळा. मग मी एक युक्ती केली, शब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले, म्हणजे पडदा जागा राहायचा. कुकरमध्ये एका माणसाची खिचडी झाली, गार झाली. त्या घरात इतकं मराठी किती तरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

एक ता. क. असं होतं: ‘कानाचे यंत्र घेतले. मुलगा दिवसभर कामावर. घरात ऐकण्याजोगे कोणी बोलत नाही, म्हणून डबीत ठेवले आहे.’ खाली माझा अंगठा.

एक असं: ‘तुला आठवते का, बाड्यावरच्या बाजारात बांगड्या भरायला गेलो आणि तू पैसे घरीच विसरलीस, आणि मी माझ्या बांगड्या परत काढून दिल्या, तुझ्या राहू दिल्या. ते ह्यांना शेवटपर्यंत सांगितले नव्हते. आज सांगावेसे वाटले, पण हे नाहीत.’ खाली माझा अंगठा आणि जोडलेले हात.

भाद्रपदातलं असं: ‘मुलाची बदली रायपूरला झाली. हे घर सोडतो आहोत. जाण्याआधी एकदा ये. बुधवारी ये, मुलगा नसतो, निवांत बसू. यंत्र घालून ठेवीन. तुला आवडतात त्या सांज्याच्या पोळ्या करते. येशील तर कळव.’

आणि मी कळवलं होतं. अंगठा.

त्याच्या पुढच्या गुरुवारचं: ‘काल दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. तुझी प्रकृती ठीक आहे ना?’ अंगठा. मग दसऱ्याच्या आधीचं: ‘परवा निघतो.’ तिथे मी जोडलेले हात ठेवले होते. ते तरी बरं दिसत होतं. त्यानंतर फुलं.

पुतण्याने काही सांगितलं नाही, कारण आई काकूला रोज लिहिते हे त्याला माहीत होतं. आणि मी कुणाला विचारलं नाही, कारण मला वाटत होतं मी सगळं वाचते आहे.

त्या हजीऱ्याला नाहीत हे मला आता पुरतं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी ई-रिक्षा केली आणि हजीऱ्याला गेले. दोन वर्षं ज्या अंतराची गुडघ्यांना धास्ती होती, ते अर्ध्या तासाचं निघालं. दाराला कुलूप. पायरीवर तुळशीची कुंडी होती, तुळस वाळून काड्या झालेली. मी पायरीवर बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. समोरची बाई हात पुसत बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आप हरिशंकरपुरम वाली हैं क्या? वो मीठी रोटियाँ आपके लिए बनी थीं न?”

मी मान हलवली.

“हमने खाईं,” ती म्हणाली. “बहुत अच्छी थीं.”

तिने मला पाणी दिलं. मी प्यायले आणि परत आले. येताना बाड्यावर रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा बांगड्यांची दुकानं दिसली. त्यातलं आमचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही.

घरी येऊन जाऊबाईंना लिहायला घेतलं. मला बोटाने लिहायला वेळ लागतो, एक काना हवा तर दोन पडतात. आधी रीतीप्रमाणे लिहिलं, तीर्थस्वरूप जाऊबाईंस साष्टांग नमस्कार. मग थांबले. त्यांच्या फोनवरही अशीच निळी अक्षरं येत असतील, आणि त्यांच्या मुलानेही त्यांना बजावलं असेल. तेव्हा नमस्कार पुसला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘मी तुमची पत्रं अर्धीच वाचली. दोन वर्षं. पोळ्या समोरच्या बाईने खाल्ल्या, तिने सांगितलं. तुम्ही बोलवाल तर मी रायपूरला येते.’ त्याच्या खाली नमस्कार घातला, त्याच्या खाली क्षेम, आणि सगळ्यांत शेवटी मेथीचा भाव.

दुपार गेली. संध्याकाळी फोन वाजला. उघडला तर अंगठा.

नुसता अंगठा. मी तो तंबूत बघितला, दिव्याखाली बघितला, फोन आडवा करून बघितला. त्यांनी वाचलं की नाही, की वाचून मुद्दाम दिला, हे अंगठ्यावरून कळत नाही. दोन वर्षं त्या हेच बघत होत्या. मी मुलाला काही सांगितलं नाही. तीन दिवस सकाळी फुलंही आली नाहीत. पेपर उघडला, साडी वर आली, मी तिला येऊ दिलं.

चौथ्या दिवशी मेसेज आला. चि. हिस अनेक आशीर्वाद. विशेष. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे. रायपूरला थंडी कशी ती नाहीच. नळ चोवीस तास, त्यामुळे पाण्याची किंमत कुणाला नाही. रक्तदाब वरचा एकशे चाळीस. आणि निळी अक्षरं.

मी बोट जिभेला लावलं आणि दाबलं.

‘ता. क. येताना ग्वाल्हेरची तीळगुळाची गजक आणावी, इथे मिळत नाही. यंत्र घालून ठेवीन. गुरुवारी पोचेल अशी गाडी बघ. बुधवारी मी आता कुणाची वाट पाहत नाही.’

त्याखाली अजून काही आहे का म्हणून मी बोट पुन्हा ओलं केलं आणि दोनदा सरकवलं. तिसऱ्यांदाही सरकवलं. पान हललं नाही.