गिरणीमागची खोली

केरबा गिरणीवाल्याचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गिऱ्हाईक हसलं तरी 'का हसलं' या विचारात याचा दिवस जायचा. समोरच माझं शिवणाचं दुकान. मी गिरणीत गप्पा मारायला बसतो, त्यावरही याचा वहीम! अरे, तुझ्या दारात वारा लागतो म्हणून बसतो.

चौऱ्याहत्तर साली सरोजिनीबाईंनी त्याची मागची खोली भाड्यानं मागितली. महिला मंडळातर्फे त्या अडलेल्या बायकांना मदत करायच्या. हमरस्त्यावर त्यांचं पाटी-टेबलाचं छान ऑफिस होतं.

"ते सोडून हितं का?" केरबानं डोळे बारीक केले.

"तिथं पायरी चढणारी बाई अख्ख्या पेठेला दिसते, म्हणून कुणी चढतच नाही. इथं ती दळणाला येईल. आणि या घरघरीत तिचं बोलणं बाहेर जाणार नाही."

केरबाला काही पटलं नाही. आवाजाला लोक विटतात, ही बाई आवाजासाठी येते? बायका डबा ठेवून मागं जायच्या, डोळे पुसत परत यायच्या. "टेलर, काय तरी काळंबेरं हाय," तो रोज म्हणायचा. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी बयाबाई कडेवर पोर घेऊन मागं गेली. तिचं दळण संपलं, दुसरं नव्हतं. "आज कळंल," म्हणत केरबानं खटका खाली ओढला.

गिरणी थांबली आणि भिंतीपलीकडून बयाबाईचा आवाज स्वच्छ आला. "जाळून टाकीन म्हणतोय. पोरीला घिऊन कुठं जाऊ, बाई?"

तेवढ्यात बाहेर सायकल टेकवताना दिसला तिचा नवरा, पिराजी. केरबानं झडप घालून खटका वर केला. वरच्या पेटीत दाणा नव्हता. दगडावर दगड घासून कानठळ्या बसल्या.

"बया हाय का हितं?" पिराजी आत येऊन ओरडला.

"काय?"

"माझी बायकू!"

"ऐकू येत न्हाय!"

पिराजी शिव्या देत निघून गेला. जळका वास सुटला होता. दगड फुटतील म्हणून मी खटक्याकडं हात नेला, तो केरबानं झटकला.

"कोपऱ्यापातूर जावा," तो माझ्या कानात ओरडला. "त्यो गेलाय यावर माझा इस्वास न्हाय."

कोपऱ्यावर पिराजी सायकल धरून उभाच होता. मी परत येऊन 'अजून आहे' अशी खूण केली आणि मागच्या खोलीत जाऊन सांगितलं. सरोजिनीबाईंनी मागच्या बोळातून बयाबाईला पोरीसकट रिक्षात बसवेपर्यंत केरबानं गिरणी रिकामीच चालवली.