उतारावरची मराठी

मी फारसं बोलत नाही. बायको म्हणते, यांच्या तोंडून काही काढणं म्हणजे कुवेतात विहीर खणण्यासारखं आहे. खणत राहायचं, आणि लागलंच तर भलतंच काहीतरी लागतं. तरीही एक गोष्ट मी दोन हिवाळे ज्याला-त्याला सांगत सुटलो होतो. आमची मुलगी घरात इंग्लिश बोलते आणि डोंगरावर नेली की मराठी.

मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. रिग्गईच्या फ्लॅटमध्ये मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवतो. हा माझा नियम तिच्या शाळेपासूनचा. इंग्लिशमधलं बोलणं मला ऐकू येत नाही. मग ती वैतागून तेच मराठीत सांगते, लागतील तितक्याच शब्दांत. पण थंडीत इथल्या मराठी घरांची आमची टोळी कड्यावर गेली की हीच मुलगी माझ्या डाव्या अंगाला चालत अखंड मराठी बोलायची. इथे पायरीसारखं आहे. पुढे सगळी भुसभुशीत माती. हा दगड हलतोय बघ. ऐकून माझी छाती फुगायची. टोळीतला माझा बँकेतला मित्र परभणीचा. तो मागून म्हणायचा, "दादा, तुमच्या लेकीला गावाकडं न्यायची गरजच नाही राव. नुसतं उन्हात उभी करा." मी हसायचो. मनात म्हणायचो, माती कुठलीही असो, रक्तात असतं ते बाहेर येतंच.

कुवेतात डोंगर आहे हे पुण्यातल्या माझ्या जुन्या ट्रेकिंगवाल्या मित्रांना अजून पटत नाही. खाडीच्या उत्तरेला राखीव क्षेत्रात एक लांबच लांब कडा आहे. उंची म्हणाल तर पर्वतीच्या जराशी वर. पण भोवती सगळं ताटासारखं सपाट असल्यामुळे तो भारदस्त दिसतो. दिवसभर मातकट वाटणारा त्याचा दगड ऊन कललं की लाल होत जातो. बायको रत्नागिरीकडची. पहिल्यांदा आली तेव्हा तिने त्या दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाली, हा तर आमचा जांभ्याचा चिरा. आत मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून आम्ही दिवसा परवाना घेऊन चालतो आणि रात्री कुंपणाबाहेर तंबू ठोकतो. इथले लोक अशा सहलीला कश्ता म्हणतात. ते गालिचे, कोळसा आणि जनरेटर घेऊन येतात. आम्ही भाजणी, लोणी आणि एक फाटकी ताडपत्री.

टोळी म्हणजे दहा-बारा घरं. बँकेतले, आयटीतले, जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या बायकोच्या मैत्रिणी, आणि सगळ्यांची मुलं. मी त्यांचा लीडर. कुणी निवडलं नव्हतं. कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकलेला मी एकटाच होतो, एवढंच. तिथली एक पद्धत मी इथे आणली. पायथ्याशी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि काही त्रास असेल तर तोही सांगायचा. शुगर, दमा, सुजलेला घोटा, काहीही. माझं ठरलेलं वाक्य होतं, "कुणाला काही त्रास असेल तर आत्ताच सांगा. वर गेल्यावर सांगितलेला त्रास सगळ्यांचा होतो." हे वाक्य मला फार आवडायचं.

आणि माझी पाळी आली की मी म्हणायचो, एकदम ठणठणीत.

मला काचबिंदू आहे. बायको नर्स, म्हणून निदान वेळेत झालं असं म्हणायचं, पण तोवर दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्या होत्या. समोरचं दिसतं, वाचता येतं, ऑफिसचं काम चालतं. बाजूचं दिसत नाही आणि उजेड कमी झाला की सगळं एकमेकांत मिसळतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा. मी थेंब घालत होतो, गाडी बायकोच्या हातात दिली होती. लोकांना सांगितलं, मान धरलीय. बायकोने दोनदा विषय काढला. "अहो, त्या पोरांचे आईबाप तुमच्या भरवशावर येतात. सांगून टाका. माणसं खाणार नाहीत तुम्हाला." मी म्हणालो, या सीझननंतर सांगतो. ते सीझन दोन झाले. वाट मला पाठ होती, हे मी स्वतःला पटवलं होतं. गोलात ठणठणीत म्हणताना बायकोकडे बघायचं टाळायचो, आणि तिथे माझी कमी झालेली नजर माझ्या सोयीची पडायची.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी चढलो. वर वारा छान होता. खाली खाडीचा चिखलपट्टा चकाकत होता, त्याच्या कडेला पांढरट पक्षी. थर्मासमधला चहा झाला, चिवडा झाला. मी घड्याळ बघत होतो. ऊन असेपर्यंत खाली पोचायचं असा माझा हिशेब होता, पण का ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी उठलो तशी ओरड झाली, की आत्ताच तर दगड लाल व्हायला लागलेत. मित्राला सगळ्या घरांचे वेगवेगळे फोटो काढायचे होते. तो म्हणाला, "दादा, खाली बायको नाहीय वाट बघत, इथंच आहे." सगळे हसले. मीही हसलो आणि परत बसलो. कारण न देता घाई कशी करायची? बायको माझ्याकडे बघत होती. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता, मी उघडलं नाही.

उतरायला लागलो तेव्हा सूर्य टेकला होता. मी पुढे, मुलगी डावीकडे, मागे ओळीत सगळी घरं, त्यात पहिली-दुसरीतली पोरंसुद्धा. मुलीचं बोलणं सुरू झालं. आता उतार जास्त आहे. इथे बारीक खडी आहे, पाय आडवा टाकायला मजा येते. अर्ध्यात आलो असू. समोरच्या सुळक्यावर एक ससाणा बसलेला मला दिसला. अगदी नाकासमोर होता म्हणून दिसला. अंगात लीडर संचारला. मागच्यांना हाताने थांबवलं आणि मुलीला म्हणालो, जरा गप्प बस ना आता, किती बोलशील.

ती गप्प बसली.

ससाणा उडाला. सगळ्यांनी बघितला. मी पुढे निघालो आणि पाऊल उचललेलंच राहिलं. खाली काय आहे ते कळेना. लाल दगड आणि त्याची सावली, दोन्ही एकच झाली होती. दगड कुठे संपतो, पोकळी कुठे सुरू होते, काही नाही. याच वाटेवरून गेल्या वर्षी याच वेळेला मी बिनधास्त उतरलो होतो. मग आज काय झालं? डोळे एका दिवसात गेले का? आणि उभ्या-उभ्या माझ्या लक्षात आलं की गेल्या वर्षीही दिसत नव्हतं. मी डोळ्यांनी उतरत नव्हतो, कानांनी उतरत होतो.

मागून कुणीतरी विचारलं, का थांबलो. एक पोर मागच्या मागे घसरून रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला उचललं. इतकी माणसं त्या उतारावर माझ्यामुळे उभी होती. अजूनही काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. बुटाची नाडी, पायात गोळा, काहीही.

मी म्हणालो, "मला दिसत नाहीये."

इतक्या हळू म्हणालो की मित्राने पुन्हा विचारलं. मग मोठ्याने म्हणालो. दोन वर्षं झाली, डोळ्यांचा त्रास आहे, अंधार पडला की वाट दिसत नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही. मला परत वर जावंसं वाटलं, एकट्याने.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मागे सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मोबाइलचे टॉर्च लावा. लहान मुलांचे हात धरा. मी सांगते तिथेच पाय ठेवायचा, आणि मागच्याला तेच सांगायचं." मग मला म्हणाली, "बाबा, माझ्या खांद्यावर हात ठेव. आता डावा पाय. दगड पक्का आहे."

तिचं ते वाक्य ओळीत मागे-मागे जात राहिलं. दगड पक्का आहे, दगड पक्का आहे. परभणीचा आवाज, कोल्हापूरचा, मुंबईचा, पोरांचे बोबडे. मित्राने माझ्या सॅकचा पट्टा मागून धरला होता. तो एरवी गप्प राहणारा माणूस नव्हे, पण खाली येईपर्यंत त्याने एकही टोमणा मारला नाही. सपाटीवर आल्यावर एवढंच म्हणाला, "दादा, माझी शुगर विचारून विचारून तुम्ही मला चार पोरांत लाजवलं. आणि स्वतः?" त्या लहान मुलाच्या आईकडे जाऊन मी माफी मागितली. ती बरं म्हणाली, पण मनापासून नाही. तिचं बरोबरच होतं.

बायको तंबूपाशी थालीपिठं थापायला बसली. मुलगी पाण्याचे कॅन उतरवत होती. मी तिला विचारलं, कधीपासून माहीत आहे. तिने खांदे उडवले. म्हणाली, तू जिन्यात भिंतीला हात लावून चालायला लागलास तेव्हापासून. आईला विचारलं, आई म्हणाली बाबांना सांगू दे. मग तू सांगेनास.

"म्हणून बोलत होतीस?"

"हो."

"आणि मराठीत?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की हा काय प्रश्न आहे. "इंग्लिशमध्ये बोलले असते तर तू ऐकलं असतंस का?"

बायको तव्यावर वाकून हसली. मला हसू आलं नाही. ही पोर दोन हिवाळे एकेक शब्द शोधून आणत होती. खडी, भुसभुशीत, सुटा दगड. असले शब्द रिग्गईच्या फ्लॅटमध्ये कुणी वापरत नाही. आईला विचारून पाठ करून यायची, हे नंतर कळलं. आणि मी तिचं मराठी मित्रांना नव्या घड्याळासारखं दाखवत हिंडत होतो. माझ्या अभिमानाला तेव्हा काही अर्थ नव्हता. अर्थ आला तो त्या तंबूपाशी, आणि असा आला की मला उठून गाडीमागे जावं लागलं.

सकाळी आवराआवर झाली. कड्याच्या पायथ्यापायथ्याने एक छोटा फेरा मारून घरी जायचं ठरलेलं होतं. सगळे सवयीने गोल करून उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी मुलीकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरलो. ती मध्ये आली. कानाच्या मागे केस सारले आणि तिच्या त्या ठेचकाळत्या मराठीत म्हणाली, "कुणाला काही त्रास असेल तर आत्ताच सांगा."

सगळ्यांचं झालं. शुगर, घोटा, पित्त. कालच्या पोराने गुडघा दाखवला, तिने वाकून तो नीट बघितला. शेवटी माझी पाळी. मी नाव सांगितलं. दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू, म्हणालो, उजेडात समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, डाव्या अंगाला कुणीतरी लागेल.

"नोंद घेतली," ती म्हणाली. "तू दुसरा चाल. माझ्या मागे."

मी दुसरा चाललो. ऊन चांगलं होतं, वाट सपाट होती, सगळं स्पष्ट दिसत होतं. तिला सांगण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. तरी ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो.