तेजस्विनीची मोबाइलवरची परीक्षा

सायखेड्याच्या साळूबाईची सून तेजस्विनी बारावी झालेली होती, आणि साळूबाईला तेवढंच जरा जास्त वाटत होतं. तरी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तेजस्विनीनं नवऱ्याला, शेखरला, कसंबसं पटवलं आणि नाशिकच्या एका प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. कारखान्यातल्या सुट्या भागांची मापं तपासायचा दहा महिन्यांचा कोर्स. पास झालं की नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात नोकरी नक्की होती.

शिकवणं ऑनलाइनच होतं. केंद्रातल्या खोलीत कॉम्प्युटर, पडद्यावर पुण्याचे सर. पण त्यासाठी आठवड्यातून तीनदा एसटीनं नाशिकला जावं लागे. धडा संपला की टेबलावरचं मायक्रोमीटर हातात घेऊन मुली स्वतःच्या केसाची जाडी मोजत, मग स्टँडवर वडापाव खात. त्या तीन दिवशी तेजस्विनीला "कुठं मेली गं?" अशी हाक येत नसे.

सहाव्या महिन्यात केंद्रानं ती खोली बंद केली. सगळे धडे मोबाइलवर आले, पाच-पाच मिनिटांचे. परीक्षासुद्धा घरबसल्या.

"लय ब्येस झालं," साळूबाई म्हणाली. "आता भाकरी थापता थापता शिक."

स्क्रीनला थोडा वेळ बोट लागलं नाही की धडा थांबे. तेजस्विनीचे हात पिठात. मग नणंद हर्षाली बोट लावी, आणि खालच्या प्रश्नांना मनाला येईल ते उत्तर दाबी. "वहिनी, तू नापास! कांदा चीर." मायलेकी पोट धरून हसत. भांडी झाल्यावर तेजस्विनी तोच धडा पुन्हा लावी.

एकदा तिनं धीर केला. "आई, महिन्यातून एक दिवस तरी जाऊ द्या. मायक्रोमीटर हातात धरल्याशिवाय कळत नाही."

"मोबाइलात दिसतंय ना? का तिथं दुसरंच कायतरी हातात धरायचं असतं?"

पुन्हा तिनं विषय काढला नाही.

परीक्षेच्या दिवशी शेखर आपला मोबाइल घरी ठेवून गेला. रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, म्हणून ती तिथंच बसली. चाळीस प्रश्न होते. सातव्या प्रश्नाला हर्षालीनं मान खुपसली, "बघू, काय विचारलंय?" स्क्रीनवर लाल अक्षरं आली : दुसरा चेहरा दिसला, पहिली सूचना. विसाव्या प्रश्नाला साळूबाई सूप घ्यायला मागून गेली. दुसरी सूचना.

तेजस्विनीनं कॅमेऱ्यासमोरून न हलता हात जोडले. "आई, पाया पडते, इकडं येऊ नका. आता तिसऱ्यांदा कोणी दिसलं तर परीक्षा बंद होईल. परत देता येत नाही."

"परत कधीच नाय?"

"कधीच नाही."

"आन पास झाली तर?"

"अंबडला नोकरी."

"म्हंजे रोज जायचं?"

"रोज."

साळूबाई बाहेर गेली. तेजस्विनीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि भराभर उत्तरं दाबू लागली. तिला सगळं येत होतं.

छत्तिसाव्या प्रश्नाला साळूबाई परत आली. तोंड धुतलेलं, कपाळाला ताजं कुंकू, डोक्यावर नीट पदर, फोटोला बसावं तशी. ती सुनेला चिकटून बसली, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्यात बघत राहिली.

"दिसते का गं मी?"

स्क्रीन लाल झाली आणि बंद पडली. दारातली हर्षाली हसायला गेली, पण आईचं तोंड बघून गप्प झाली.

संध्याकाळी शेखरनं विचारलं, "काय झालं परीक्षेचं?"

तेजस्विनीनं तोंड उघडायच्या आत साळूबाई बोलली, "नापास झाली. मी शेजारीच बसले व्हते की. नाय जमलं तिला."

शेखरनं बायकोकडं पाहिलं. ती ताट वाढत होती. त्यानं मोबाइल घेतला आणि ते धड्यांचं ॲप काढून टाकलं. उगाच जागा खात होतं.

गावातल्या बायका विचारतात तेव्हा साळूबाई अजूनही सांगते, "आम्ही सुनंला शिकवायला काय कमी नाय केलं बाई."