कचेरीतली अन्नपूर्णा

शिरूरच्या गिदोन फोटोवाल्यानं आयुष्यात हजारभर नवरदेव टिपले, सगळे सारखेच घाबरलेले. त्याचा जीव मात्र एकाच फोटोवर होता. अठ्ठावन्न सालच्या आठवडी बाजारात मांडवगणची झुंबरबाई लिंबाखाली वांग्यांच्या पाटीमागं उभी होती. उजवा हात आभाळाकडं, तोंड उघडं.

फोटो दुकानाच्या काचेत लागला आणि गावाला अर्थ सुचायला लागले. पाद्रीसाहेबांना त्यात प्रार्थना दिसली, हेडमास्तरांना नवा भारत. बाजार कमिटीचे चेअरमन जयसिंग आप्पा तर गहिवरलेच. त्यांनी मोठी प्रत कचेरीत लावली, हार घातला आणि खाली रंगवून घेतलं, 'कष्टकरी अन्नपूर्णा, १९५८'. खुद्द झुंबरबाईला कुणी काही विचारलं नाही. अर्थ लावायचं काम शिकलेल्यांचं. आणि गिदोनला खरं काय ते ठाऊक होतं, पण इतकं कौतुक चाललेलं असताना खरं सांगायची घाई कुणाला असते?

दोन वर्षांनी आप्पांच्या जावयाला हॉटेलसाठी ओटा हवा झाला, नेमका त्याच लिंबाखाली. बाजारात जागेला कागद नसतो. सासू बसली तिथं सून बसते, एवढाच कायदा. झुंबरबाई तरातरा कचेरीत आली. त्या वेळी गिदोन कमिटीचा फोटो काढायला तिथंच होता.

"आप्पा, तिथनं उठवलं तर मी पाटी मांडू कुठं? मला कोण गिऱ्हाईक हुडकीत येणार?"

"तू तिथं कवा बसत हुतीस? पुरावा हाय का?"

बाईनं भिंतीकडं बोट केलं. "ही मीच न्हवं का? मागं लिंब बघा की!"

"आगं, त्यो निस्ता फोटो न्हाई. ते प्रतीक हाय," आप्पा समजुतीनं म्हणाले. "प्रतीकाला जागा नसती. गिदोनराव, हिला जरा अर्थ सांगा."

गिदोननं ताज्या हाराकडं पाहिलं. आता तोंड उघडलं की त्याच्या एकुलत्या एका थोर फोटोचं बाजारातलं भांडण होणार होतं. त्यानं घसा खाकरला.

"आप्पा, त्या दिवशी तुमच्या जावईबापूंनी हिच्या जागेवर बाकडं टाकलं होतं. बाई हात वर करून त्यांना शिव्या देत होती. एक मी नीट ऐकली, पण ती इथं सांगण्यासारखी नाही."

मेंबर लोक टोप्या सारख्या करत हसू लपवू लागले. जागेचा पुरावा भिंतीवरच होता, आणि खाली साल तर आप्पांनी स्वतःच रंगवून घेतलेलं.

"येकच ऐकलीत व्हय?" झुंबरबाई म्हणाली. "मी तर चांगल्या धा दिल्या हुत्या."

जावयाचा ओटा व्हायचा राहिला. अन्नपूर्णा त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरली; प्रतीक म्हणून ती आता कुणालाच पटेना. पुढच्या बाजारी गिदोन ती चौकट बगलेत मारून लिंबाखाली गेला.

"घ्या मावशी, तुमचा फोटो."

"माझं त्वांड एवढं वाकडं हाय व्हय?" तिनं तो उलटापालटा करून पाहिला. मग वांग्यांवर येणाऱ्या उन्हाला आडवा उभा केला आणि गिऱ्हाइकाला हाक मारली.