भावाचं गॅरेज

सरकारी अनुदानाचे नियम बदलले, म्हणून मनुरेवा या उपनगरातल्या आमच्या ट्रस्टचं खरेदीचं धोरण सुधारायला एक सल्लागार बाई दिवसभरासाठी आल्या होत्या. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत त्यांनी बूट दाराशी काढले आणि मॅन्डरिन संत्रं सोलत वाचायला बसल्या. व्हॅनची दुरुस्ती एका ठरलेल्या गॅरेजकडेच द्यायची, या कलमापाशी मात्र थांबल्या.

"हे गॅरेज माझ्या भावाचं आहे. हे कलम तुम्ही लिहा," म्हणून त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

मी लिहिलं, 'तीन कोटेशन्स मागवल्याशिवाय कुणालाही काम द्यायचं नाही.' भावाचं वर्षानुवर्षांचं काम त्यामुळे जाऊ शकत होतं.

कागद पायरीवर नेऊन दिल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं.

"फार कडक झालं का?" मी विचारलं.

"नाही. रविवारी आम्ही आईकडे जेवायला जमतो. तिथे त्याला मीच सांगेन."

मी त्यांच्या जागी असते तर ईमेलवर भागवलं असतं.