कॉइलचा झटका आणि आमचे डायोड

जळक्या पार्टचा वास एकदा नाकात बसला की किस्से आपोआप साठत जातात. कोथरूडला आमची छोटी कंपनी आहे, सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर बनवणारी. मी डिझाइन बघते, शिरीन टेस्टिंग बघते, नवा आलेला मकरंद दोघींना मदत करतो, आणि मालक लिमये सर तिघांचा उद्धार करतात.

हे सगळं घडलं ते सरांच्याच सोसायटीच्या कंट्रोलरवरून. काम जमलं तर आसपासच्या सोसायट्याही आमच्याकडे येणार होत्या. नाही जमलं तर? "तुम्ही नोकरी बदलाल हो," सर म्हणाले. "मला रोज त्याच जिन्याने वर जायचंय!"

*

पहिला बोर्ड मकरंदचा. बटण दाबलं, रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टक्कन लागला, पंपाऐवजी जोडलेला बल्ब पेटला. मकरंद खूश!

"बंद करून दाखव," सर म्हणाले.

बल्ब विझेचना. रिलेची कॉइल बंद करताना ती व्होल्टेजचा मोठा झटका मारते. तो जिरवायला कॉइलला एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, लावतात. मकरंदने तो लावलाच नव्हता, त्यामुळे पहिल्याच झटक्यात रिले चालवणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन कायमचा चालू राहिला होता.

"कॉइल म्हणजे 'निघतो' म्हणून दारात तासभर बोलणारे पाहुणे," सरांनी समजावलं. "त्यांना तिथेच खुर्ची द्यावी लागते. तोच डायोड."

"पण सर, कॉम्प्युटरवर सिम्युलेशनमध्ये चाललं होतं!"

"मग सोसायटीला सिम्युलेशनमधलंच पाणी पाठवू."

*

दुसऱ्या बोर्डावर डायोड होता. बटण दाबल्याबरोबर धूर!

डायोड उलटा लागला होता. मी नमुन्याचा बोर्ड दिला असताना हे झालंच कसं? चौकशीअंती कळलं, की मकरंदने त्या बोर्डासोबत सेल्फी काढून आईला पाठवला होता, आणि डायोड लावताना बोर्डाऐवजी तो सेल्फीच समोर ठेवला होता. त्याच्या फोनमध्ये सेल्फीत डावं-उजवं उलटं येतं.

सरांनी फोटो बराच वेळ पाहिला. "आईंना कळव, बोर्ड गेला. तू मात्र छान आलायस."

*

मकरंदच एकटा काय म्हणून! शिरीन आमच्यातली सगळ्यात काटेकोर. तिने मोठ्या पंपाच्या कॉन्टॅक्टरलाही, म्हणजे पंप चालूबंद करणाऱ्या जाडजूड स्विचच्या कॉइललाही, तोच साधा डायोड लावला. ती कॉइल एसीवर चालते, हे त्या दिवशी नेमकं तिच्या डोक्यातून गेलं. एसीचा प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलतो, आणि तिथे साधा डायोड म्हणजे सरळ शॉर्ट.

फाट्! आमची लाइट गेली. वरच्या मजल्यावर ट्यूशन क्लास आहे, त्यांचीही गेली. वरून मुलांचा जल्लोष ऐकू आला. पाठोपाठ क्लासच्या मॅडम खाली उतरल्या. शिरीन माफीच मागायला लागली.

"माफी राहू द्या हो," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वेळी फिजिक्सच्या तासाला करा. आत्ता भूगोल चालला होता."

*

मग टीव्हीएस डायोड आणायचं ठरलं. हा ठरावीक व्होल्टेजच्या वर गेल्यावरच जागा होतो आणि झटका गिळतो. निवड मकरंदवर सोपवली. बारा व्होल्टच्या बोर्डाला त्याने नऊ व्होल्टचा आणला.

"कमी व्होल्टचा म्हणजे जास्त सेफ ना, मॅडम?" त्याने मला विचारलं.

बोर्ड चालूच होईना. झटक्याची वाटही न बघता तो डायोड रोजचा पुरवठाच खात बसला होता, आणि बिचारा अ‍ॅडॉप्टर दमून बंद पडत होता.

"वॉचमनने चोर अडवायचे रे," सर कळवळून म्हणाले. "याने राहणाऱ्यांनाच फाटकाबाहेर काढलं!"

*

शेवटी एक बोर्ड नीट जमला. चालू, बंद, चालू, बंद, कुठे धूर नाही. रविवारी सोसायटीच्या पंपापाशी शेवटची चाचणी होती. कमिटीने स्पष्ट सांगितलं होतं, आज पाणी चढलं नाही तर बाजारातला तयार कंट्रोलर आणणार. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सेक्रेटरी परांजपे काकूंनी बटण दाबलं.

धूर नाही. आवाज नाही. काहीच नाही!

मी हळूच मकरंदकडे बघितलं.

"आईशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!"

शिरीननेही नकारार्थी मान हलवली. मग आम्ही तिघांनी सरांकडे बघितलं.

"एकच डायोड जास्तीचा लावला," सर पुटपुटले. "काळजीपोटी. माझ्या कपाटातला जुना, खात्रीचा."

"किती व्होल्टचा, सर?" शिरीनने विचारलं.

सर वर गच्चीतल्या पाण्याच्या टाकीकडे बघू लागले. मग एकदम कमिटीकडे वळून उसन्या उत्साहाने म्हणाले, "बघा! एकही झटका नाही. संपूर्ण सुरक्षित!"

काकूंनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. बंद पंपाकडे पाहिलं. चष्मा पुसला.

"अहो लिमये," त्या शांतपणे म्हणाल्या, "इतका सुरक्षित तर पंप तुमच्या यंत्राशिवायही होता."