तो वास माझ्या कपड्यांचा नव्हता

मोहोपाड्यात आमच्या घराची एक गोष्ट सांगतात. रसायनाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने बायकोचा मधुमेह नुसत्या नाकाने ओळखला, अशी. ती खोटी आहे. मीच ती चालू दिली, म्हणून मीच खोडतो.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. बायकोच्या तोंडाला ॲसिटोनचा वास येऊ लागला. हा वास मला कुणी शिकवायला नको. माझ्या खात्यात त्याची पिंपं भरलेली असत. आणि म्हणूनच चुकलो. वाटलं, माझ्याच कपड्यांचा वास घरभर झालाय. ती सुकत चालली होती, तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, आणि मी आपला युनिफॉर्म बाहेर वाळत घालायला सांगत होतो.

सुनेला ते पटेना. कर्जतला एका कॉलेजची मुलं श्वासावरून आजार हुडकणाऱ्या पेटीची चाचणी घेत होती. तिथे ती सासूला घेऊन गेली. मीही पाळी संपवून तसाच पोचलो, दोघींना परत आणायला.

बायकोने नळीत फुंकलं. पडद्यावरची ॲसिटोनची रेघ सरसर वर चढली.

"ताई, तुमची पेटी मला पकडतेय," मी तिथल्या मुलीला ठणकावलं. "हा कारखान्याचा वास आहे."

"मग काका, तुम्हीच फुंका."

फुंकलं. रेघ जेमतेम हलली.

"अहो, वासाचे मालक तुमी ना?" बायको म्हणाली. "मग तुमची रेघ का झोपली?"

मला बाहेर उभं करून त्यांनी तिला पुन्हा फुंकायला लावलं. रेघ पुन्हा तिथेच गेली. मुलगी म्हणाली, "पेटी अजून चाचणीत आहे, तिच्यावर निदान करत नाही. पण साखर फार वाढली की श्वासाला असा वास येतो. आत्ताच्या आत्ता रक्त तपासा."

सुनेने रिक्षा थांबवली. साखर भलतीच वाढलेली निघाली. बायको आयसीयूतून वाचून आली. आधी आणलं असतं तर इतक्यावर गेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते आधीचे दिवस माझे.

ती घरी आल्यावर, वास मीच ओळखला असं कुणीतरी उठवलं आणि कॉलनीत माझ्या नाकाचं कौतुक सुरू झालं. मी हसून घेतलं. सून तिथेच सगळ्यांना चहा देत होती.

त्याला वर्षं झाली. परवा पाहुण्यांत तीच गोष्ट निघाली. मी थांबवली आणि खरं काय ते सांगितलं.

"एवढी वर्षं लागली तुमाला?" बायको म्हणाली. मग सुनेकडे वळली, "आता तू सांग गं, पहिल्यापासून."

सून सांगू लागली. मी पाहुण्यांत जाऊन ऐकायला बसलो.